रहस्य कळल्यानंतरचा ‘पाठलाग’

राजा परांजपे हे नाव उच्चारले की जुन्या मराठी प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ ही नावे पाठोपाठ येतात. थोडे थांबून ‘ऊन पाऊस’ आणि ‘जगाच्या पाठीवर’ आठवतात आणि डोळे ओलावतात. या यादीत १९६४ सालचा ‘पाठलाग’ मात्र पाहुण्यासारखा एका बाजूला बसलेला दिसतो. हसविणाऱ्या आणि रडविणाऱ्या दिग्दर्शकाने चव पालटावी म्हणून एखादा रहस्यपट काढला, अशीच त्याची नोंद बहुतेक वेळा होते. राजाभाऊंचे आयुष्य आणि काम नीट पाहिले, तर ही नोंद अपुरी वाटू लागते. ‘पाठलाग’मध्ये त्यांनी जे साधले त्याची तयारी ते आयुष्यभर करीत आले होते, असेच म्हणावे लागते.

रहस्यपटाची खरी परीक्षा तो दुसऱ्यांदा पाहताना होते. चित्रपटगृहाच्या काळात ही परीक्षा फारशा चित्रपटांना द्यावी लागली नाही. एकदा तिकीट काढले, कोडे सुटले, प्रेक्षक घरी गेला आणि फार तर त्याने शेजाऱ्याला शेवट सांगून त्याच्या रसाचा विरस केला. पुढे दूरदर्शन आले, व्हिडिओ कॅसेट आली, तबकड्या आल्या आणि जुना चित्रपट घराच्या दिवाणखान्यात पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागला. शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक हा रहस्यपटाचा सर्वांत कठोर परीक्षक. त्या प्रेक्षकासमोरही ‘पाठलाग’ उभा राहतो, आणि तो का उभा राहतो याचे उत्तर राजाभाऊंच्या घडणीत सापडते.

मिरज ते कोल्हापूर

राजाराम दत्तात्रय नव्हे, तर नुसते राजा परांजपे याच नावाने महाराष्ट्राने त्यांना ओळखले. त्यांचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेत झाला. मिरज हे गाणाऱ्यांचे आणि तंतुवाद्यांचे गाव. तिथून कोल्हापूरला जाणारा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला होता. कृष्णा ओलांडायची, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी ही स्थानके मागे टाकायची, पंचगंगेचा पूल पार करायचा की कोल्हापूर आले. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले. परंतु त्या काळात चित्रपटाच्या दृष्टीने या मार्गाची दोन टोके फार वेगळी होती. एका टोकाला गाण्याची बैठक होती, तर दुसऱ्या टोकाला हलत्या चित्रांचा कारखाना उभा राहत होता.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली होती आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली होती. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली, तरी कोल्हापुरातील चित्रनिर्मिती थांबली नाही. बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर, मास्टर विनायक यांच्याभोवती नवी माणसे जमत राहिली.

या वातावरणाकडे राजाभाऊ ओढले गेले ते संगीताच्या आणि रंगभूमीच्या वाटेने. मूकपट चालू असताना पडद्यासमोर बसून वाद्याची साथ करणे हा त्या काळचा एक व्यवसायच होता, आणि तरुणपणी राजाभाऊंनी ऑर्गनवर ही साथ केली. हा अनुभव त्यांच्या पुढील कामाच्या दृष्टीने मोलाचा होता. साथ करणाऱ्याला पडद्यावर पुढे काय होणार हे ठाऊक असते, प्रेक्षकाला नसते. त्याने सूर आधी चढविला तर प्रसंग फुटतो, उशिरा चढविला तर रंग जातो. कुठली गोष्ट कुठल्या क्षणी कळू द्यायची, याचे शिक्षण यापेक्षा अधिक थेटपणे क्वचितच कुणाला मिळाले असेल.

पुढे बाबूराव पेंटरांनी १९२५ च्या आपल्या ‘सावकारी पाश’ या गाजलेल्या मूकपटाचा बोलपट १९३६ मध्ये काढला. त्यात राजाभाऊंनी काम केले. १९३७ च्या भालजींच्या ‘कान्होपात्रा’तही ते होते. भालजींच्या हाताखाली त्यांनी दिग्दर्शनाचे धडे घेतले. अभिनय, संगीत आणि दिग्दर्शन अशा तीनही अंगांची ओळख झाल्यानंतरच ते स्वतंत्रपणे चित्रपट करू लागले. तोवर चाळिशी जवळ आली होती.

तिघांचा संसार

१९४८ च्या प्रारंभी गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत कोल्हापूरचा भालजींचा स्टुडिओ जळाला. अनेक कलावंतांनी पुण्याची वाट धरली. या पडझडीच्या काळातच राजाभाऊ दिग्दर्शक म्हणून उभे राहिले. १९५० च्या ‘पुढचं पाऊल’मध्ये हंसा वाडकर आणि पु. ल. देशपांडे यांना घेऊन त्यांनी आपले अस्तित्व जाणवून दिले.

याच काळात महाराष्ट्राला परिचित असलेली त्रयी जुळून आली. ग. दि. माडगूळकर यांची कथा व गीते, सुधीर फडके यांचे संगीत आणि राजा परांजपे यांचे दिग्दर्शन. गदिमा आणि बाबूजी दोघांचाही जन्म १९१९ चा. बाबूजी तर मूळ कोल्हापूरचे, आणि गदिमांच्या उमेदवारीची वर्षेही कोल्हापुरातच गेली होती. राजाभाऊ या दोघांहून नऊ वर्षांनी वडील. तिघांच्याही अंगी एकाच परिसराची शिस्त मुरलेली होती. थोडक्या पैशांत, थोडक्या दिवसांत आणि साध्या घरांतून घडणारी गोष्ट सांगायची, पण तिची बांधणी कुठेही सैल ठेवायची नाही, ही ती शिस्त होय.

१९५२ च्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखविण्याची अट घातली जाते. पैसा मिळविणे कठीण, हे मध्यमवर्गीय प्रेक्षक रोजच अनुभवत होता. तो खर्च करणेही कठीण ठरू शकते, ही कल्पनाच त्याला गुदगुल्या करून गेली. राजा गोसावी यांच्यासारखा नट या चित्रपटाने घरोघर पोचविला. त्याच वर्षी आलेल्या ‘पेडगावचे शहाणे’चे नावच मराठी वाक्प्रचारातून आलेले. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. वेडा समजला गेलेला एक माणूस आणि त्याच्या भोवतीचे तथाकथित शहाणे, यांत खरा वेडा कोण, हा प्रश्न हसत हसत विचारला गेला. मुख्य भूमिका राजाभाऊंनी स्वतः केली. पाठोपाठ १९५३ मध्ये तो ‘चाचा चौधरी’ या नावाने हिंदीतही आला.

१९५४ च्या ‘ऊन पाऊस’ने मात्र हसण्याची सवय लागलेल्या प्रेक्षकाला गाठले ते वेगळ्याच जागी. सेवानिवृत्त शिक्षक आणि त्याची पत्नी, आयुष्यभर एकत्र राहिलेली दोघे, मुलांच्या संसारांत वाटली जातात. राजाभाऊ आणि सुमती गुप्ते यांनी ही जोडी उभी केली. या कथेच्या आशयाचे चित्रपट पुढे अनेक भाषांत निघाले, परंतु मराठी माणसाच्या मनातील तो म्हातारा मास्तर राजाभाऊंच्याच चेहऱ्याचा राहिला. १९५६ च्या ‘आंधळा मागतो एक डोळा’ने कोल्हापूरच्या रमेश देव यांना मोठी संधी दिली. १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’मध्ये राजाभाऊंनी रंगविलेला भटक्या आणि सीमा यांनी रंगविलेली अंध मुलगी आजही पुष्कळांच्या स्मरणात आहेत. १९६३ च्या ‘हा माझा मार्ग एकला’मधून सचिन हा बालकलाकार पडद्यावर आला.

हसण्यामागची घडी

या सर्व चित्रपटांत एक समान सूत्र आढळते. प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि पात्राला काय ठाऊक नाही, या दोहोंमधील अंतर राजाभाऊ फार काटेकोरपणे मोजत असत. ‘जगाच्या पाठीवर’मधील अंध मुलीला जे दिसत नाही, ते आपल्याला दिसते, म्हणून आपला जीव तुटतो. ‘पेडगावचे शहाणे’मध्ये भोवतालच्या मंडळींना आपलाच वेडेपणा दिसत नाही आणि आपल्याला तो दिसतो, म्हणून हसू येते. कुणाला किती कळू द्यायचे, हा एकच हिशेब कधी विनोदाकडे नेतो, कधी कारुण्याकडे. हाच हिशेब उलटा मांडला, म्हणजे पात्राला ठाऊक असलेली गोष्ट प्रेक्षकापासून राखून ठेवली, की त्यातून रहस्य जन्माला येते.

मराठी वाचकाला रहस्याची गोडी नवी नव्हती. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि झुंजार वाचनालयांच्या फळ्यांवर कधीच स्थिरावत नसत. एका हातातून दुसऱ्या हातात ती पुस्तके फिरत राहायची आणि शेवटचे पान कुणी फाडून नेले असेल तर वाचक अक्षरशः तळमळत असे. पडद्यावर मात्र मराठीत या प्रकाराला मानाचे स्थान मिळालेले नव्हते. संत, इतिहास, तमाशा आणि कौटुंबिक कथा यांच्या गर्दीत रहस्यकथेला प्रतिष्ठित दिग्दर्शकाने हात घालणे हे धाडसाचेच होते. शिवाय काळही अनुकूल नव्हता. १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात १३१ आठवडे चालला होता आणि निर्मात्यांचा ओढा तमाशापटांकडे वळला होता. शहरी, पांढरपेशा घरात घडणाऱ्या कथेला पैसा उभा करणे दिवसेंदिवस अवघड होत चालले होते.

अशा वेळी राजाभाऊंनी जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी निवडली. गीते गदिमांचीच होती, पण संगीत या वेळी दत्ता डावजेकर यांचे होते. नायक म्हणून काशिनाथ घाणेकर आले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील संभाजीने १९६२ पासून ते नाट्यरसिकांच्या गळ्यातील ताईत झाले होते. नायिकेची दुहेरी छटांची अवघड भूमिका भावना यांनी केली.

मेलेल्या पत्नीचा दावा

कथेचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. एका वकिलाची पत्नी वारते आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी तिचा मृत्यू पाहतो. काही काळाने गुन्ह्याच्या आरोपाखाली पकडली गेलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री भर न्यायालयात आपण त्याचीच पत्नी असल्याचे सांगू लागते.

यापुढचा उलगडा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी तो राखून ठेवणेच योग्य. परंतु या मांडणीतील कौशल्य उलगडा न सांगताही दाखविता येते. नेहमीच्या खूनकथेत प्रश्न असतो तो गुन्हेगार कोण असा. इथे प्रश्न आहे तो समोरची व्यक्ती कोण असा. वकिलाचा सारा व्यवसाय पुराव्यावर चालतो. पत्नीच्या मृत्यूचा सर्वांत मोठा साक्षीदार तो स्वतः आहे. तरीही ती स्त्री त्याच्या संसारातील अशा गोष्टी सांगते, ज्या पत्नीखेरीज कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवावा की कानांवर, कायद्याने वागावे की मनाने, या पेचात तो सापडतो.

पहिल्यांदा पाहताना प्रेक्षकाचे लक्ष त्या स्त्रीकडे असते. ती खरी की खोटी, एवढेच त्याला हवे असते. दुसऱ्यांदा पाहताना उत्तर हाताशी असते आणि मग लक्ष हळूहळू नवऱ्याकडे वळते. ज्या बाईचे दुःख त्याने पचवत आणले होते, तिचा चेहरा पुन्हा समोर उभा राहिल्यावर त्याची होणारी ओढाताण दिसू लागते. तिसऱ्यांदा पाहणारा पुन्हा त्या स्त्रीकडे पाहतो, पण आता तिचे प्रत्येक वाक्य वेगळ्या अर्थाने ऐकतो. कोडे सुटल्यावरही माणसे शिल्लक राहतात, हे या चित्रपटाचे बळ आहे. ‘ऊन पाऊस’मधील म्हाताऱ्या जोडप्याची ताटातूट रंगविणारा दिग्दर्शकच रहस्यकथेच्या पोटातील ही ताटातूट ओळखू शकत होता. जो चित्रपट त्यांच्या कामापासून वेगळा काढला जातो, तो आतून असा त्यांच्याच कुळातला आहे.

मूळ आणि त्याची सावली

१९६४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘पाठलाग’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पुढच्याच वर्षी त्यावरून तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ निघाला. १९६६ मध्ये राज खोसला यांनी सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन ‘मेरा साया’ काढला. मराठीतील कृष्णधवल चित्र हिंदीत रंगीत झाले, मोठ्या हवेल्या आल्या, मदनमोहन यांचे संगीत आले आणि देशभर त्याची गाणी वाजू लागली.

‘मेरा साया’ म्हणजे माझी सावली. सावली मूळ वस्तूपेक्षा लांब पडावी, तसे इथे झाले. देशातील बहुसंख्य प्रेक्षकांच्या लेखी ही कथा ‘मेरा साया’ची झाली. ज्या मराठी कादंबरीतून आणि ज्या मराठी चित्रपटातून ती उगवली, त्यांची नावे श्रेयनामावलीच्या पलीकडे फार गेली नाहीत. यात राज खोसलांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचा चित्रपट त्यांच्या परीने सरस आहे. पण मराठीत असलेल्या मूळ कृतीची आठवण मराठी माणसाने ठेवायची नाही, तर कुणी ठेवायची?

राजाभाऊ मात्र या यशावर विसावले नाहीत. १९६५ मध्ये ‘पडछाया’, १९६६ मध्ये ‘गुरुकिल्ली’ असे त्यांचे काम चालूच राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दत्तात्रय मायाळू यांनी गुरूच्या नावातील ‘राज’ आपल्या नावाला जोडून ‘राजदत्त’ हे नाव घेतले आणि १९६७ च्या ‘मधुचंद्र’पासून स्वतःची वाट निर्माण केली. शिष्याने आपल्या नावातच गुरूला जागा द्यावी, यापेक्षा मोठी पावती कोणती? १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला आणि मराठी चित्रपटाच्या विनोदाची जातच पालटली. दादा कोंडके यांच्या रांगड्या हास्याने चित्रपटगृहे दुमदुमू लागली. गदिमा १९७७ मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ९ फेब्रुवारी १९७९ रोजी राजाभाऊंनीही जगाचा निरोप घेतला. वय ६८ होते.

घरातला पडदा

आपला चित्रपट लोक घरात बसून, हवा तिथे थांबवून, पुन्हा मागे नेऊन पाहतील, हे राजाभाऊंना पाहायला मिळाले नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि शनिवारच्या मराठी चित्रपटाने त्यांची ओळख पुढच्या पिढीला करून दिली. त्यानंतर कॅसेटचा काळ आला. हातकणंगल्यासारख्या तालुक्याच्या गावी जत्रेतल्या तंबूत किंवा गणेशोत्सवाच्या पडद्यावर चित्रपट पाहणारा प्रेक्षक आता व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर ओळीने चित्रपट पाहू लागला. ज्या लोहमार्गाने राजाभाऊंच्या गावाला कोल्हापूरशी जोडले, त्याच मार्गावरच्या घरांत त्यांचे चित्रपट पोचले ते असे, कुणाच्या तरी पिशवीतील कॅसेटमधून.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आल्या. एका तबकडीवर साधारण सव्वा तासाचे चित्र मावत असल्याने एका चित्रपटाला दोन तबकड्या लागत. रहस्य ऐन रंगात आलेले असताना पहिली तबकडी संपावी, आणि दुसरी घालेपर्यंत घरातल्या प्रत्येकाने आपापला तर्क मांडावा, ही मजा चित्रपटगृहातील मध्यंतरापेक्षा निराळी होती. आजोबांनी शेवट ठाऊक असूनही ओठ मिटून बसावे आणि नातवंडांनी त्यांना छळावे, हे दृश्य पुष्कळ घरांनी पाहिले आहे. पुढे डीव्हीडी आल्या आणि त्याही आता मागे पडल्या.

या सोयीच्या आड एक धोका लपलेला आहे. कॅसेटवर किंवा तबकडीवर आलेला चित्रपट कायमचा वाचला, अशी आपली समजूत होते. पण कॅसेटच्या फितीला बुरशी लागते, तबकडीवर ओरखडे उठतात, आणि व्हीसीडीवरील चित्र मूळ फिल्मच्या मानाने फारच पुसट असते. चित्रपट खऱ्या अर्थाने टिकतो तो त्याची मूळ निगेटिव्ह किंवा चांगली प्रत थंड, कोरड्या जागी सांभाळली गेली तरच. ॲसिटेटची फिल्म उष्ण, दमट हवेत राहिली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि एके दिवशी यंत्रावर चढविण्याजोगी राहत नाही. कोल्हापुरात घडलेली ‘सैरंध्री’ आज कुणालाही पाहता येत नाही. योगायोग असा की, चित्रपटांचे जतन करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्येच, म्हणजे ‘पाठलाग’च्याच वर्षी. त्यापूर्वीच्या अर्धशतकातील किती तरी मराठी चित्रपट तोवर हातचे गेले होते.

म्हणून राजाभाऊंचे स्मरण करायचे, तर त्यांच्या चित्रपटांच्या घरगुती प्रतींवर समाधान मानून चालणार नाही. घरातली तबकडी प्रेक्षक तयार करते, आणि प्रेक्षक तयार असले तरच मूळ प्रत दुरुस्त करण्यासाठी कुणी पैसा घालते. दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून अधुऱ्या आहेत. ज्यांच्या घरी ‘पाठलाग’ची जुनी तबकडी कपाटात पडून असेल, त्यांनी ती एकदा लावून पाहावी. शेजारी ‘मेरा साया’ पाठ असलेला एखादा तरुण बसवावा. शेवट त्यालाही ठाऊक असेलच. तरीही त्या वकिलाच्या चेहऱ्यावरून त्याची नजर हटली नाही, तर मिरजेच्या या ऑर्गनवाल्याने सूर नेमका वेळेवर चढविला होता, हे आणखी एका पिढीला कळेल.